सरदारबीची बांगडीवाली

शिरूरच्या जुन्या पेठेत सरदारबी मणियारणीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक ओटा, ओट्यावर गादी आणि गादीमागं काचेचं कपाट. कपाटाच्या वरच्या फळ्यांवर बांगड्या: रेशमी, चमकीच्या, लग्नाच्या हिरव्यागार, म्हाताऱ्या बायकांच्या जाड काळ्या. आणि सगळ्यात खालच्या फळीवर भुतं. बोटाएवढी, रंगवलेली, प्रत्येकाच्या पायाखाली काळी चकती. हाडांचे सांगाडे तलवारी उगारून उभे, डुकराच्या तोंडाचे शिपाई, कुऱ्हाडी घेतलेले दाढीवाले बुटके, आणि कोपऱ्यात लिंबाएवढा केसाळ कोळी. पहिल्यांदा आलेली बाई गादीवर बसायची, हात पुढं करायची आणि खाली नजर गेली की झटकन हात मागं घ्यायची.

"अगं दे हात," सरदारबी म्हणायची. "ती चावत न्हाईत. चावणारा माणूस चहा प्यायला गेलाय."

चावणारा माणूस म्हणजे तिचा नवरा, मेहमूदभाई. ते समोरच्याच टपरीवर चहा पीत असायचे आणि त्यांना हे सगळं ऐकू जायचं. ते बशी खाली ठेवून नुसती मान हलवत. तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढंच उत्तर सापडलं होतं.

सरदारबीला गप्प बसता येत नसे, आणि खरं सांगायचं तर गप्प बसून बांगडी भरताही येत नाही. ज्यांनी कधी हात भरून घेतला नाही त्यांना वाटतं, त्यात काय, घालायची नि उतरवायची. तसं नसतं. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबत दाबत मऊ करायचं आणि तिचं सगळं लक्ष आपल्या गोष्टीत गुंतलं की त्याच क्षणी काचेची बांगडी हाडावरून खाली सोडायची. गोष्ट फिकी पडली की हात आखडतो, आणि हात आखडला की बांगडी गेली. भरताना गेलेल्या बांगडीचं नुकसान मणियारणीचं. म्हणून सरदारबीच्या गोष्टी कधी फिक्या पडत नसत. जावयांच्या, सासवांच्या, एस्टीत चुकलेल्या वऱ्हाडाच्या. निम्म्या खऱ्या असत, निम्म्या तिला त्या वेळी सुचत.

ही विद्या तिच्या वडिलांची. ते दौंड तालुक्यात केडगाव, खुटबाव या भागात डोक्यावर पेटी घेऊन फिरले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ती गावं सरदारबीकडं आली. सासर शिरूरला झालं तरी तिकडं लग्न निघालं की नवरीचा चुडा भरायला तिलाच बोलावणं यायचं. मग मेहमूदभाई आपल्या एमएटी दुचाकीला मागं पेटी बांधत, सरदारबी मधे बसे, आणि न्हावरा, पारगाव करत ही वरात भीमा ओलांडून जायची. ती त्या गावांची लेक, म्हणून तिथल्या मुली तिला आत्या म्हणत. चुडा मोजून भरून झाला की त्यावर एक बांगडी जास्त चढवायची तिच्या वडिलांची रीत होती. तिला 'वरची' म्हणायचे. वरची कुठली द्यायची, कुठल्या रंगाची, हे मणियारणीच्या मनावर. तिचा मोबदला कुणी द्यायचा नाही आणि तिनं घ्यायचा नाही.

आता भुतांकडं येऊ.

सरदारबीचा मुलगा अझरुद्दीन आधी रांजणगावच्या एमआयडीसीत फोर्कलिफ्ट चालवायचा. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला तो दुबईला गेला आणि तिथल्या एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानाच्या गोदामात लागला. पहिल्या वर्षी त्याचा मित्र फिरोज सुट्टीवर आला, त्याच्याकडं त्यानं घरी पिशवी पाठवली. खजूर, बाम, अत्तराची बाटली, साबणाच्या वड्या आणि कोपरा दबलेला एक पुठ्ठ्याचा डबा. सरदारबीनं सगळं सोडून डबाच उचलला आणि कानाशी हलवला. खळखळ वाजला.

"बांगड्या धाडल्यात पोरानं. नमुना धाडला असंल," ती म्हणाली. मणियारणीला दुसरं काय सुचणार?

डबा फोडला, तर आतून पहिल्यांदा एक सांगाडा बाहेर आला. पाठोपाठ शिंगवाला राक्षस, दोन डुक्करतोंडे, एक टोपीवाला म्हातारा. मेहमूदभाईंनी दोन पावलं मागं घेतली. सरदारबी मात्र चष्मा लावून एकेकाला उजेडाकडं धरून बघू लागली. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळ्यातली बुबुळं रंगवलेली, पट्ट्याचं बक्कल सोनेरी, चपलेची वादी वेगळ्या रंगाची! तिचं सगळं आयुष्य नाजूक, रंगीत, हातात मावणाऱ्या वस्तूंमध्ये गेलेलं. बघता बघता ती त्या डब्याच्या प्रेमात पडली, आणि यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला कधीच वाटलं नाही.

मुलगी महेजबीन शिरूरच्या कॉलेजात होती. तिनं डब्यावरचं इंग्रजी वाचून सांगितलं. हा परदेशातला एक खेळ. चार माणसं टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, मधूनमधून फासे टाकतात. या बाहुल्या म्हणजे गोष्टीतली माणसं नि राक्षस.

"म्हंजी बसून गप्पा मारायच्या?" सरदारबी म्हणाली. "त्याचा खेळ केला व्हय त्यांनी? मी रोज दुकान उघडून तेच करती."

"आणि अम्मी, डब्यात कोण निघणार ते आधी कळत नाही. आपल्या नशिबात असेल ते."

हे तर सरदारबीला फारच आवडलं. लहानपणी केडगावच्या दुकानात पाच पैशाला चिठ्ठी फाडायची, नंबर लागला तर शिट्टी, नाही तर लिमलेटची गोळी. तिला जन्मात शिट्टी लागली नव्हती.

डब्यात एक घडीचा कागद होता. त्यावर सगळ्या बाहुल्यांची चित्रं, नंबरवार. सरदारबी तो कागद मांडीवर पसरून खालपर्यंत बघत गेली आणि शेवटच्या ओळीत थांबली. जांभळ्या झग्यातली एक बाई. दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले. एक हात पुढं, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली.

"ही कोण गं?"

महेजबीननं वाचलं. "चेटकीण आहे. मंत्र टाकतेय. आणि हिच्यापुढं तारा काढलाय, म्हणजे ही फार क्वचित निघते."

"मंत्र कशाचा टाकती! गिऱ्हाईकाचा हात मागती ती. बघ की, बांगडी भरताना हात असाच पुढं करावा लागतो." सरदारबीनं आपला हात चित्राशेजारी धरून दाखवला. खरंच तसाच दिसत होता. "माझी बांगडीवाली हाय ही. ही मला पायजे."

झालं. त्या दिवसापासून अझरुद्दीनचा फोन आला की पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा डब्याचा. कोपरे दबलेले डबे दुकानात विकत नसत, ते कामगारांना स्वस्तात मिळत. तिकडून शिरूरकडं येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत तो एकेक डबा कोंबू लागला. मेहमूदभाईंनी एकच अट घातली: घरात नको. घरात मूर्ती ठेवायच्या नाहीत, मग त्या भुताच्या का असेनात. दुकानात काय ठेवायची ती ठेव. सरदारबीला ते पटलं, आणि खालच्या फळीवरच्या काळ्या बांगड्या उचलून तिनं तिथं वस्ती वसवली.

एकेकाला तिनं नाव दिलं. सांगाड्यांना ती उपाशी मंडळी म्हणे. पोट सुटलेला, खांद्यावर गदा घेतलेला राक्षस म्हणजे साखरबाईचा जावई. हे नाव तिनं दिलेलं नव्हतं, पेठेतल्या साखरबाईनं स्वतःच तो काचेतून ओळखला होता. निघालेल्या प्रत्येक बाहुलीच्या चित्रावर सरदारबी कुंकवाच्या काडीनं टिकली ठेवायची. वर्षं गेली, कागद टिकल्यांनी भरत आला. पंखवाला साप निघाला, दगडाचा माणूस निघाला, कोळी तर तीनदा निघाला. बांगडीवाली काही निघेना.

मग सरदारबीच्या डोक्यात आलं की दोष आपल्या हातात आहे. या हाताला शिट्टी लागत नाही. नव्या नवरीच्या हातात बरकत असते, तेव्हा तिच्याच हातून डबा फोडावा. तिनं नवीन रीत सुरू केली. चुडा भरायला जाताना पेटीत एक बंद डबा न्यायचा. चुडा भरून झाला की नवरीनं हिरव्या हातांनी तो फोडायचा आणि त्यातलं आपल्याला आवडेल ते एक उचलायचं. उरलेली सरदारबीची. नवऱ्या हसत हसत वाघ उचलत, घोडा उचलत. एकीनं तर राक्षस उचलला आणि त्याला होणाऱ्या सासूचं नाव दिलं. बायकांना त्या डब्याची इतकी गोडी लागली की आत्या आली की आधी विचारत, "डबा आणलाय न्हवं?"

दुबार निघालेल्या बाहुल्या सरदारबी पोरांना वाटून टाकी. त्यांतल्या सगळ्यात जास्त खुटबावच्या पूनमकडं गेल्या. पूनम ही भिमा आणि सगुणाबाई या धनगर जोडप्याची एकुलती एक लेक. भिमाच्या आजोबांच्या काळात घरात मेंढरं होती, आता ऊस होता. पूनम शाळेत असल्यापासून आत्याच्या पेटीशी येऊन बसायची. डुक्करतोंडा असो की सांगाडा, तिला काहीही चाले. दुसऱ्या पोरांना मिळालेली भुतंही ती बोरं, पेरू देऊन आपल्याकडं वळवायची.

"ह्या पोरीनं फडताळात स्मशान मांडलंय," सगुणाबाई तक्रार करायची. "पीठ काढाय गेलं की हाडकाला हात लागतुय."

"आत्या," पूनम म्हणायची, "माझ्या लग्नात मीच डबा फोडनार. आत्तापास्नं सांगून ठेवती."

"फोड की. शब्द दिला," सरदारबी म्हणायची. शब्द द्यायला काय जातं?

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात अझरुद्दीनचा फोन आला. कंपनीनं ही बाहुल्यांची मालिका बंद केली. गोदामात उरलेला शेवटचा डबा त्यानं मिळवला होता, तो फिरोजबरोबर पाठवत होता. यापुढं नाही. कागदावर आता फक्त एक चित्र टिकलीवाचून राहिलं होतं, जांभळ्या झग्यातलं.

डबा आला. सरदारबीनं तो फोडला नाही. हातात घेऊन तोलला, हलवला, कानाशी धरला. बांगडीचा आवाज ऐकून ती काच की लाख सांगू शकत होती, पण प्लास्टिकच्या आवाजातून तिला काही कळेना. आज फोडू, उद्या फोडू असं ती करत राहिली. एकदा फोडला की आशाच संपणार, याची तिला भीती वाटत होती. आणि त्याच आठवड्यात खुटबावहून भिमाचा निरोप आला: पूनमचं लग्न ठरलं. निमोण्याचा शंभू, रांजणगावला कंपनीत आहे, घरचा कांदा आहे. लग्नाला चार दिवस राहिले की चुडा भरायला यावं.

"डबा संपला म्हणून सांग," मेहमूदभाई एमएटीला पेटी बांधताना म्हणाले. "खोटं थोडंच हाय? संपल्यातच जमा. हा तुझा शेवटचा, तू फोड."

"तेच करती," सरदारबी म्हणाली आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावून गाडीवर बसली.

नदीच्या पुलाकडं जाणाऱ्या वळणावर तिनं नवऱ्याच्या पाठीवर थापटलं. "मागं घ्या गाडी."

"काय विसरलं?"

"शब्द."

मेहमूदभाईंनी काही न बोलता गाडी वळवली. अशा वेळी त्यांच्या गप्प बसण्याची सरदारबीला फार किंमत वाटायची, पण तिनं ते त्यांना कधी सांगितलं नाही.

खुटबावला भिमाच्या अंगणात बायकांची दाटी झाली होती. पूनम पाटावर बसली. सरदारबीनं तिचा हात हातात घेतला आणि एस्टीत चुकलेल्या वऱ्हाडाची गोष्ट सुरू केली. हाच हात लहानपणी बोरांनी चिकट असायचा. हिरव्या बांगड्या एकेक करत चढल्या, दोन्ही हात भरले. मग सगुणाबाईनं पोरांना मागं सारलं आणि सरदारबीनं पेटीतून डबा काढला.

पूनमनं डबा फोडला. एक डुक्करतोंडा. एक बुटका. एक उपाशी. बायका हसल्या. मग एक पांढरा घोडा निघाला, पाठीवर पंख, पंखांच्या टोकांना निळी झाक, असा सुबक की अंगणभर 'अगं बाई' झालं. आणि घोड्याच्या पाठोपाठ, प्लास्टिकच्या पिशवीत पालथी पडलेली, जांभळ्या झग्यातली बांगडीवाली.

सरदारबीनं चष्मा नीट केला. निघाली! एवढ्या वर्षांनी निघाली, आणि ती खरोखर चित्रापेक्षा देखणी होती. कोपरापर्यंतच्या बांगड्यांवर सोनेरी रंगाचे बारीक बारीक वळसे होते.

पूनमचा हात घोड्यावर गेला. 'घे, घे बाई, घोडा घे,' सरदारबी मनात म्हणाली. कुठली नवरी एवढा घोडा सोडेल? पूनमनं घोडा उचलला, फिरवून बघितला आणि खाली ठेवला. मग तिनं बांगडीवाली उचलून डोळ्यांजवळ धरली, आणि तिचा चेहरा असा उजळला की आजूबाजूच्या बायकाही पुढं वाकल्या.

"आत्या, ही मला घेती."

सांगावं का? एवढंच म्हणायचं होतं, बाई गं, हिच्यासाठी मी चार वर्षं थांबले. पूनमनं लगेच दिली असती. पण नवरीनं उचललेली वस्तू परत मागायची? रीत आपणच घातलेली, शब्द आपणच दिलेला. "घे की," सरदारबी म्हणाली. "तुझीच हाय."

मग वरची बांगडी चढवायची राहिली होती. तिनं पूनमचा हात धरला, पण गोष्ट सुचेना. बांगडी हाडावर आली आणि कट्ट झाली. सरदारबीच्या हातून बांगडी वाढल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं.

"हुंद्या आत्या, उन्हाचा घाम हाय हाताला," पूनमच म्हणाली. तिनं खाली वाकून हिरवे तुकडे वेचले आणि ओच्यात टाकले. सरदारबीनं दुसरी बांगडी चढवली, आशीर्वाद दिला, भाकरी खाल्ली, सगळं केलं. पण परतीच्या वाटेवर पारगावपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मेहमूदभाईंना इतकी शांतता सोसवेना. त्यांनी गाडी रसवंतीपाशी थांबवली.

"रडतीस काय?"

"धूळ हाय."

"बाहुलीसाठी रडतीस?"

"व्हय, बाहुलीसाठी रडती!" सरदारबी उसळली. "मला कवा काय पायजे झालं होतं? दागिना मागितला? साडी मागितली? एक बाहुली मागितली होती, ती बी हातात येऊन गेली." आणि ती रसवंतीच्या बाकड्यावर बसून मनसोक्त रडली. रसवाल्यानं घाबरून रसात आलं जास्त घातलं.

रडून झाल्यावर तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर एक युक्ती सुचली. घोडा आपल्याकडं आहे. अंगणभर बायकांनी वाखाणलेला घोडा! लग्नाला जायचं, पूनमला बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, बाई, घोड्याची हौस असंल तर घे, मला ती चेटकीण चालंल. मागणं नव्हे, अदलाबदल. ती शब्दाबाहेर जात नाही. मेहमूदभाईंनी चार दिवस हे गणित निरनिराळ्या तऱ्हेनं ऐकलं आणि प्रत्येक वेळी मान हलवली.

लग्नाच्या दिवशी सरदारबीनं ठेवणीतली साडी नेसली. घोडा कापसात गुंडाळून पर्समध्ये घातला. महेजबीन सकाळच्याच एस्टीनं पुढं गेली होती. मांडवात पोचेपर्यंत हळद उरकली होती आणि रुखवतापाशी ही गर्दी. आता रुखवत म्हणजे नवरीकडची हौस: लाडू, करंज्या, शेवयांचे डोंगर, लोकरीचा ससा, थर्माकोलचं मंदिर. लोक येतात, बघतात, पुढं जातात. इथं मात्र लोक पुढं जायला तयार नव्हते आणि हसण्याचा नुसता गलका चालला होता.

"ह्याला बी भरल्यात की! ह्या उपाशाला बी!" कुणीतरी म्हणत होतं.

सरदारबी माणसं बाजूला सारत पुढं गेली.

टेबलावर हिरवं कापड. त्यावर आगपेट्यांचा ओटा, ओट्यावर फडक्याच्या तुकड्याची गादी, गादीमागं उदबत्तीच्या पुड्याचं कपाट. कपाटाच्या फळ्यांवर चमचमत होते त्या दिवशीच्या हिरव्या बांगडीचे तुकडे. गादीवर जांभळ्या झग्यातली बांगडीवाली, हात पुढं, तळवा वर. आणि तिच्या ओट्यापासून थेट लाडवांच्या परातीपर्यंत गिऱ्हाइकांची रांग: सांगाडे, डुक्करतोंडे, बुटके, दगडाचा माणूस, गदा घेतलेला साखरबाईच्या जावयाचा जुळा. खुटबावच्या घराघरांतून गोळा केलेलं, वर्षानुवर्षं फडताळात साठवलेलं अख्खं स्मशान. प्रत्येकाच्या मनगटावर हिरव्या दोऱ्याचे वेढे. ज्याच्या हातात तलवार त्याच्या तलवारीच्या हातात चुडा, ज्याच्या हातात कुऱ्हाड त्याच्या कुऱ्हाडीच्या हातात चुडा. कोळ्याच्या आठही पायांत बांगड्या होत्या. आणि कपाटावर पाटी, पूनमच्या शाळकरी अक्षरात: सरदारआत्याचं दुकान, शिरूर.

सरदारबी बघत राहिली. तिला हसू आलं, मग हुंदका आला, मग दोन्ही एकदम आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"आत्या, आवडलं का?" पूनम मुंडावळ्या सावरत मागं येऊन उभी होती. "कवाधरनं मांडायचं मनात व्हतं. समदी गिऱ्हाइकं जमली, पर आत्याच मिळंना. कनकीची केली, मेणाची केली, तोंडच येईना. तवा तुमच्या डब्यात ही निगाली, आन् मला वाटलं, आली गं बाई माझी आत्या!"

तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढं शंभूची आई कुशाबाई होती. तिनं रांगेतला सांगाडा उचलला, त्याचा चुडा बघितला, परत ठेवला. "रुकवताचा उखाणा घे बगू," ती पूनमला म्हणाली. "ही कोन बाई, आमाला बी कळू दे."

पूनमनं सरदारबीचा हात धरला आणि उखाणा घेतला:

"भुताखेतांनाही जिची माया हिरवा चुडा भरते,
शंभूरावांचं नाव घेते, त्या आत्यापुढं हात धरते."

बायकांनी टाळ्या पिटल्या. कुशाबाईनं सरदारबीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमीच व्हय त्या? मग निमोण्याला बी येत जावा की. आमच्याकडं ह्यांच्यापेक्षा वंगाळ तोंडाची गिऱ्हाइकं हाईत." आणि ती स्वतःच खदाखदा हसली.

गर्दी जरा पांगली तेव्हा पूनम हळूच म्हणाली, "आत्या, ही तुमच्या कागदावरची राहिलेली हाय ना? महेजबीनताईनं आत्ता सांगितलं मला. आधी कळलं असतं तर मी... तुम्ही घेऊन जावा. मी कनकीची बसवती."

सरदारबीचा हात पर्सवर गेला. अदलाबदल तिच्या मुठीत होती. मागायचीही गरज उरली नव्हती, समोरून देणं चाललं होतं. तिनं ओट्यावरच्या बांगडीवालीकडं बघितलं. पुढं केलेला हात आणि त्या हातासमोर रांगेतला पहिला सांगाडा, आपला नंबर कधी येतो म्हणून उभा. त्या कागदावरच्या रिकाम्या चित्राचं आता तिला काहीच वाटेना. काचेच्या कपाटात ही बाई कुणाचा हात धरणार होती?

"खुळी का काय?" ती म्हणाली. "एवढी गिऱ्हाइकं बसवून कुणी दुकान सोडून जातंय व्हय? जाऊ दे तिला तुझ्यासंगं."

मग तिनं पर्स उघडली, कापूस सोडला आणि पंखांचा पांढरा घोडा काढून आगपेट्यांच्या ओट्यामागं, कपाटाला टेकवून उभा केला.

"आत्या, हा कशाला?" पूनमनं विचारलं.

मांडवाच्या दाराशी मेहमूदभाई एमएटीला टेकून, मान हलवत उभे होते. "चुड्यावरची वरची हाय ही," सरदारबी म्हणाली, आणि तिनं त्यांच्याकडं बोट दाखवलं. "आन् इथनं निमोणं लांब हाय गं. आत्या काय चालत येईल?"